प्रतिसाद: नदीने दुभागलेलं गाव

वर कुणीतरी विचारलंय की सीमा गावाच्या मधूनच गेली तर माणसं राहतात कशी. सँ-जँगोल्फ बघा. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावर, मागे डोंगर, मधून मॉर्ज नावाची चिमुकली नदी. पूल ओलांडला की फ्रान्स संपून स्वित्झर्लंडचा वॅले प्रांत सुरू.

ही रेघ फ्रान्सने आखलेली नाही बरं का! १५३६ मध्ये वॅलेवाल्यांनी सव्हॉय या तेव्हाच्या वेगळ्या राज्याच्या ड्यूकचा हा मुलूख घेतला आणि १५६९ च्या तोनोंच्या तहात मॉर्जच्या पश्चिमेचा भाग परत केला. सव्हॉय फ्रान्सकडे कायमचं आलं ते थेट १८६० मध्ये. गंमत म्हणजे सरकारं वेगळी, पण चर्च आणि दफनभूमी दोन्हीकडच्यांची एकच, तीही फ्रेंच बाजूला. म्हणजे स्विस माणूस मेल्यावर परदेशात जातो!

जुलै १९४४ मात्र भयानक. जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकार गटाने तिथल्या जर्मनांवर हल्ला केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी ओलिसांना गोळ्या घातल्या आणि फ्रेंच बाजूची घरं पेटवली. लोक जीव मुठीत धरून पलीकडे धावले, तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये. एरवी पाव आणायला ओलांडायचा तोच पूल.