रि: लूगर हरले

बुधवार, 9 मे 2012, कार्मेलहून

नमस्कार मंडळी,

काल रात्री निकाल बघितला आणि झोपच लागली नाही, म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलोय. आपल्या इंडियानाचे सेनेटर रिचर्ड लूगर रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हरले. आणि थोडक्यात नाही हो, त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या रिचर्ड मर्डॉकना 60 टक्क्यांच्या वर आणि लूगरना 40 च्या आत. 2006 साली ह्याच माणसासमोर डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारसुद्धा उभा केला नव्हता, 87 टक्के मतं पडली होती. 36 वर्षं सेनेटमध्ये काढलेल्या माणसाला त्याच्याच पक्षाने मे महिन्यातच घरी पाठवलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगतो, मी मूळचा बोईसरचा. माझे थोरले भाऊ तारापूरच्या अणुवीज केंद्रात कामाला होते. ते केंद्र अमेरिकेनेच बांधून दिलेलं, 1969 ला सुरू झालं, इंधनही इथूनच जायचं. मग 1974 ला पोखरण झालं, 1978 ला इथे कायदा कडक झाला आणि ते इंधन अडकलं. आमच्या घरात जेवताना युरेनियमवर बोलणं व्हायचं, दुसऱ्यांच्या घरात पावसावर होतं तसं. त्यामुळे 2006 मध्ये भारताशी अणुकराराचं बिल सेनेटमध्ये आलं तेव्हा मी ते दिवसरात्र बघत होतो. फॉरेन रिलेशन्स कमिटीचे चेअरमन होते लूगर. आंधळेपणाने सही करणारा माणूस नव्हेच, बुश सरकारला त्यांनी ढीगभर लेखी प्रश्न विचारले, बिलात अटी घातल्या, त्या अटी दिल्लीत पुष्कळांना झोंबल्या. पण 16 नोव्हेंबरला 85 विरुद्ध 12 मतांनी बिल पास करून घेतलं ते त्यांनी आणि बायडननी मिळून. मी तेव्हा भावाला फोन केला, बोईसरला पहाट होती, दादा नुसते म्हणाले "झालं एकदाचं".

म्हणून काल वाईट वाटलं. आपल्यातलं कोणी मतदानाला गेलं होतं का?

कार्मेलवाले काका

---

9 मे, ब्लूमिंग्टनहून

काका, राग मानू नका पण मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. लूगरनी 1977 साली इंडियानापोलिसमधलं घर विकलं आणि तेव्हापासून ते राहतात व्हर्जिनियात, आणि मतदार म्हणून नोंद मात्र त्याच विकलेल्या घराच्या पत्त्यावर! मार्चमध्ये मॅरियन काउंटीच्या इलेक्शन बोर्डाने 2 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की ह्या पत्त्यावरून तुम्हाला मत देता येणार नाही, मग त्यांनी फॅमिली फार्मचा पत्ता दिला. इथे हॉटेलात राहिल्याचे जे पैसे सरकारी खात्यातून घेतले होते तेही परत करावे लागले. कायद्याने सेनेटरला सूट असेलही, पण आपण ग्रीनकार्डसाठी एकेक पत्ता, एकेक तारीख जपून ठेवतो, मला तरी हे खटकलं. 80 व्या वर्षी सातवी टर्म मागताना लोकांनी विचारलं "तुम्ही राहता कुठे", तर तो प्रश्न चुकीचा नाही ना.

आणि इंडियानापोलिसचे महापौर असताना त्यांनी 1970 मध्ये शहर आणि काउंटी एक केली (त्यालाच युनिगव्ह म्हणतात), त्याचं कौतुक सगळे करतात, पण त्यावर जनमत घेतलं नव्हतं, आणि शहरातल्या काळ्या मतदारांचं वजन त्याने कमी झालं, हे इथले जुने लोक अजून बोलून दाखवतात.

---

9 मे, लाफायेटहून

ताईचा घराचा मुद्दा बरोबर आहे पण फक्त घरामुळे कोणी 20 टक्क्यांनी हरत नाही. मी शेतीच्या रिसर्चमध्ये आहे म्हणून त्या अंगाने सांगतो. 1995 ते 2001 लूगर सेनेटच्या शेती कमिटीचे चेअरमन होते, आणि स्वतः 604 एकरांचे मालक, मका, सोयाबीन, काळ्या अक्रोडाची झाडं. 1996 च्या फार्म बिलात कुठलं पीक किती लावायचं हे सरकारने ठरवायचं ही जुनी पद्धत मोडली, कृषी खात्याची जादा झालेली शेकडो ऑफिसं बंद करायला लावली. सबसिडी घेणाऱ्या राज्यात सबसिडीच्या विरुद्ध बोलायला धैर्य लागतं. हे कॉन्झर्व्हेटिव्ह नाही तर काय आहे? गर्भपाताला विरोध, ओबामांच्या स्टिम्युलसला विरोध, हेल्थकेअर कायद्याला विरोध, सगळं आहे रेकॉर्डवर.

पण प्रायमरीच्या मतदारांसमोर वेगळीच यादी ठेवली गेली. ओबामांनी सुप्रीम कोर्टासाठी निवडलेल्या सोटोमायोर आणि केगन यांच्या बाजूने मत दिलं, 2008 चा बँकांचा बेलआउट, 2010 मध्ये ड्रीम ॲक्टला (लहानपणी बेकायदा इथे आणलेल्या मुलांना कायदेशीर राहू देणारं बिल) मत देणाऱ्या तीन रिपब्लिकनांपैकी एक, त्याच डिसेंबरमध्ये रशियाशी अण्वस्त्रं कमी करण्याचा न्यू स्टार्ट करार 71 विरुद्ध 26 ने मंजूर करून घेतला, वर बंदुकवाले आधीपासून नाराज. क्लब फॉर ग्रोथ ह्या कर आणि सरकारी खर्च कमी करा म्हणणाऱ्या संस्थेने बाहेरून पैसा ओतला आणि जाहिरातीत लूगर म्हणजे ओबामांचे आवडते रिपब्लिकन. 2005 मध्ये दोघं मिळून रशिया-युक्रेनला शस्त्रसाठे बघायला गेले होते, ती गोष्ट 2008 पर्यंत अभिमानाची होती आणि 2012 मध्ये आरोप झाली.

---

10 मे, कार्मेलहून

ताई, राग कशाला येईल. घराचं तुझं म्हणणं मान्य, ते फार पूर्वी निस्तरायला हवं होतं, इथे एक छोटं घर ठेवलं असतं तर हा विषयच निघाला नसता. युनिगव्हचंही बरोबर आहे.

पण नन-लूगर कायद्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. 1991 ला सोव्हिएत युनियन कोसळत होतं, युक्रेन, बेलारुस, कझाकस्तानात हजारो वॉरहेड (क्षेपणास्त्रांवरचे अणुबॉम्ब), आणि राखणाऱ्यांना पगार नाही. सॅम नन डेमोक्रॅट, लूगर रिपब्लिकन, दोघांनी मिळून ती शस्त्रं मोडायला अमेरिकेचा पैसा दिला. साडेसात हजारांवर वॉरहेड निकामी झाली, ते तीन देश अण्वस्त्रमुक्त झाले. भावाने आयुष्यभर अणुकेंद्रात काम केलं म्हणून मला त्या आकड्याचा अर्थ कळतो. आणि काल सकाळी टीव्हीवर मर्डॉक म्हणाले की दोन्ही पक्षांनी मिळून काम करणं म्हणजे डेमोक्रॅटांनी रिपब्लिकनांच्या मताला येणं. लूगरनी हरल्याच्या रात्री मोठं निवेदन काढलंय, ते सगळ्यांनी मुळातून वाचा, अशा हट्टाने सेनेटमध्ये काहीच होणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

माझा खरा प्रश्न मात्र तसाच राहिला. इंडियानात पक्षाची नोंदणी करावी लागत नाही, टेबलावर जाऊन कुठल्या पक्षाचा बॅलट हवा एवढं सांगायचं. मी रिपब्लिकन बॅलट घेतो. आपल्या गुढीपाडव्याला निदान पाच-सहा जण मला म्हणाले होते की काका, नोव्हेंबरमध्ये लूगरनाच देणार. त्यातले मंगळवारी किती गेले?

---

10 मे, फिशर्सहून

काका, त्या पाच-सहा जणांत मी होतो. खरं सांगतो, मी गेलो पण साडेसहाला, आणि इथे केंद्र सहालाच बंद होतं. मला वाटलं आठपर्यंत असेल. महिनाभर आधीपासून मत देता येत होतं तेही केलं नाही, कारण मनात हेच की लूगर आहेत, ते काय हरतायत. बायको 2009 मध्ये सिटिझन झाली, तिची ही पहिली प्रायमरी होती, तिला मीच म्हटलं होतं की मे मध्ये काही नसतं, नोव्हेंबरला जाऊ. ते आता लागून राहिलंय.

---

7 नोव्हेंबर 2012, ब्लूमिंग्टनहून

मंडळी, जुनाच धागा वर काढते. काल सेनेटच्या निवडणुकीत मर्डॉकविरुद्ध डेमोक्रॅट जो डॉनली जिंकले, 50 टक्के विरुद्ध 44. डिबेटमध्ये बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल मर्डॉक जे बोलले त्यानंतर आमच्या ऑफिसातल्या पक्क्या रिपब्लिकन बायकांनीसुद्धा त्यांना मत दिलं नाही. मी डॉनलींना दिलं. पण काका, बॅलटवर लूगर असते तर मी घराचा मुद्दा बाजूला ठेवून त्यांना दिलं असतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

---

7 नोव्हेंबर, फिशर्सहून

काल आम्ही दोघं सकाळी सहाला रांगेत होतो. पुढची प्रायमरी 6 मे 2014, मंगळवार, सकाळी 6 ते संध्याकाळी 6. मंडळाच्या कॅलेंडरमध्ये टाकली आहे, ज्यांना गाडीतून न्यायला हवं त्यांनी मला कळवा.