चीनमधल्या खेड्यात शाकाहारी पाहुण्याचं निभावतं का?

कोथरूडकर: दिवाळीनंतर आईला घेऊन ग्वांगशीतल्या लाँगजीची भातखाचरं बघायला जातोय. मुक्काम गावातच. आई पक्की शाकाहारी. यजमानांनी आग्रह केला तर?

सिंहगड रोड: आग्रह होणारच! आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजीबाईंनी थेट चुलीपाशी बसवून तेल-चहा पाजला. चहापत्ती आलं घालून तेलात परतून, कुटून उकळलेली, वर कुरमुरे-शेंगदाणे. खारट, कडसर. वाटी रिकामी दिसली की भरलीच! भाज्या मात्र बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, तेवढं आधी सांगा. बांबूत भाजलेला भातही बिनमांसाचा मागा.

पेठेतली: बाकरवडी न्या. देताना दोन्ही हातांनी द्या. आमच्या यजमानीणबाईंनी तिथल्या तिथे शेजारीपाजारी वाटून टाकली, आम्हाला एकही उरली नाही.

कोथरूडकर: मग दोन किलो घेतो.