कोंबडीला खरंच कळतं का काय खायचं ते? (थर्माकोल प्रकरण)

खळ्यातला_कोंबडा (यावल)

मागच्या आठवड्यात नवीन कूलर आणला, ऊन ४४ वर गेलंय, करणार काय. खोक्यातले थर्माकोलचे चार कोपरे ओट्यामागे उभे करून ठेवले आणि विसरलो. दुपारी जरा आडवा झालो तर मागून कर्र कर्र आवाज, वाटलं उंदीर असेल, जाऊन बघतो तर नऊच्या नऊ कोंबड्या थर्माकोलवर तुटून पडलेल्या, एक कोपरा जवळपास संपलेला, आणि कोंबडा बाजूला उभा राहून लग्नात वाढप्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मामासारखा बघतोय. दाणे टाकले तरी तिकडे कोणी ढुंकून बघेना.

म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो, कोंबडीला कळतं काय खायचं ते. चार वर्षांत माझ्याकडच्यांनी विंचू खाल्ला (आधी आपटून आपटून मारला, मग गिळला), पाली खाल्ल्या, उंदराची गुलाबी पिल्लं खाल्ली, बसलेल्या गायीच्या मानेवरचे गोचीड एकेक वेचले, भरिताच्या वांग्याची जळकी सालं, शिळी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, काळी पडलेली केळी, बठ्ठं. खाऊन मेली अशी एक पण नाही. मग पोत्यातलं फीड कशाला? भाऊ म्हणतो मी येडा आहे. भांडा, पण मुद्द्यावर.

लवंगी_नंदुरबार

दादा मी तुमच्या बाजूने. आमच्याकडे मिरची वाळवायच्या पथारीवर बाया तोंडाला फडकं बांधून पण शिंकत असतात आणि कोंबड्या त्याच मिरचीत उभ्या राहून आरामात बिया टिपतात. पक्ष्यांमध्ये तिखट ओळखणारा जो रिसेप्टर असतो तो मिरचीतल्या कॅप्सेसिनला दादच देत नाही, २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी हे कोंबडीचाच रिसेप्टर घेऊन दाखवलंय. वर लाल मिरचीने बलक असा केशरी होतो की गिऱ्हाईक विचारतं, ताई घालता तरी काय. म्हणजे खाल्लेलं सत्कारणीच लागतंय ना.

पशुखात्यातला_जुना (धुळे)

ताई, तिखट लागतच नाही त्याला कळणं नाही म्हणत. गाडीला ब्रेक नाही म्हणून ती हुशार ठरते का? कोंबडीला चव आपल्यापेक्षा फार कमी, ती डोळ्यांनी खाते. बारीक आहे, पांढरं आहे, चमकतंय, हलतंय, की मारली चोच.

आणि यावलच्या भाऊंनी मेलेल्या उंदराचं नाही लिहिलं. माझ्या नोकरीत एका पाड्यावर गेलो होतो, अकरा कोंबड्या, सगळ्यांच्या माना लोळागोळा, मान उचलायची म्हणून धडपड करायच्या आणि परत चोच जमिनीला टेकायची. बाई म्हणे नजर लागली. खळ्याच्या कोपऱ्यात घूस मरून पडलेली, तिच्यातल्या अळ्या यांनी खाल्ल्या होत्या. सडक्या मांसात बोट्युलिझमचं विष तयार होतं, अळ्यांना काही होत नाही पण कोंबडी मान टाकते. तीन वाचल्या. त्यात उंदीर औषधाने मेलेला असेल तर अजून वेगळीच भानगड, आणि पेरणीच्या वेळी औषध चोळलेलं रंगीत बियाणं सांडलं तर ते पण दाणा समजून टिपतात. काय कळतं हो त्यांना?

खळ्यातला_कोंबडा

काका, घूस मेली तर ती उचलून पुरणं माणसाचं काम, त्यात कोंबडीचा काय दोष. माझी आजी म्हणायची, “कोंबडीले चमकनं ते दाना.” ती पण तुमच्याच पार्टीची होती म्हणा. पण आजीच्या कोंबड्या कोणत्या फीडवर होत्या?

भुसावळ_ते_लेस्टर

इकडे इंग्लंडमध्ये हा धागा वाचून कोणी तरी पोलिसांना फोन करेल. परसात दोन कोंबड्या हौसेने पाळल्या तरी स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं त्यांना घालायला कायद्याने बंदी आहे. अंगणातली भाजी थेट तोडून घातली तर चालते, तीच भाजी किचनमधून फिरून आली की नाही. सूट फक्त ज्या घरात दूध, अंडी, मांस काहीच येत नाही त्यांना. २००१ मध्ये लाळ्या-खुरकत आला तो डुकरांना घातलेल्या नीट न उकळलेल्या खरकट्यातून, लाखो जनावरं मारावी लागली, त्यानंतर इथले लोक असे ताकही फुंकून पितात.

खळ्यातला_कोंबडा

म्हणजे कळण्याची भाकरी घातली म्हणून मला आत टाकतील? इकडेच बरं मग.

रंगावलीकाठ (नवापूर)

हसू नका भो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला सापडला, २०२१ ला परत आला. शेडमधल्या तर मारल्याच, आजूबाजूच्या गावांत घरोघर पाळलेल्या पण नेल्या, आमच्या पाच गेल्या त्यात. रोग खरकट्याने आला असं मी म्हणत नाही. पण चिकनच्या दुकानातली आतडी-पंख फुकट मिळतात म्हणून घरच्या कोंबड्यांना घालणारे अजून आहेत आमच्याकडे, आणि कोंबड्या काय, आवडीने खातात. आपल्याच जातभाईंचं मांस. आवडीने खाते म्हणून द्यायचं हा हिशोब मला पटत नाही.

सरकीवाला (पारोळा)

मी मधला माणूस, मोकळं सोडा म्हणतो, पण एक किस्सा ऐका. तीन वर्षांपूर्वी माझी अंडी परत आली. फोडली तर बलक खाकी-हिरवट आणि पांढऱ्यात गुलाबी झाक. ताजी फोडली तर एकदम चांगली, पंधरा दिवस ठेवली की रंग बदलणार. गिऱ्हाईक म्हणे जुनी अंडी देतो, एका बाईने तर औषध मारलेली आहेत असं गल्लीभर सांगितलं. मी पार वैतागलो, पाणी बदललं, खुराडं धुतलं.

शेवटी सापडलं गोठ्यात. म्हशीच्या टोपलीतली सरकी पेंड! म्हैस अर्धी खाऊन रवंथ करत बसली की या टोपलीत चढायच्या. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते बलकातल्या लोहाशी जुळलं की तो रंग येतो. पांढरं गुलाबी होतं ते सरकीच्या तेलातल्या दुसऱ्याच एका घटकाने. म्हशीच्या कोठीपोटात गॉसिपॉल बरंचसं बांधलं जातं म्हणून तिला चालते, कोंबडीला ती सोय नाही. टोपलीवर झाकण बसवलं, महिन्याभरात अंडी सुधारली. आता सांगा, कोंबडीला कळलं होतं का? तिला काहीच झालं नाही, बोंब माझी झाली.

खळ्यातला_कोंबडा

हे मात्र नवीन. माझ्याकडे पण सरकी पेंड उघडीच असते.

लवंगी_नंदुरबार

अंड्याच्या टरफलांचं काय मग? आम्ही घालतो. माझी जाऊ म्हणते त्याने अंडी फोडून खायची सवय लागते.

पशुखात्यातला_जुना

घाला ना. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला चारेक ग्रॅम कॅल्शियम लागतं, त्यातलं दोन ग्रॅमच्या आसपास एकेका कवचातच जातं. फक्त तव्यावर भाजून चुरा करा, अर्धं टरफल तसंच टाकलं तर ती ओळखते हे कुठून आलं ते. हो, एवढं कळतं तिला, हसू नका कोणी.

कलेजी_पेठा (चोपडा)

पाहुणे आले म्हणून दिवाळीत एक म्हातारी कोंबडी कापली, तिचा पेठा, म्हणजे दाणे भरडणारं पोट, मी स्वतः साफ केला. आतून निघालं ते ताटलीत मांडलं होतं: मूठभर रेती, जीन्स पँटचं बटण, एक वायसर, हिरव्या बांगडीची काच. ती काच बोटाने चोळून बघितली, धार अजिबात नाही, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली. कोंबडीला दात नाहीत, खडेच तिचे दात, पेठा जात्यासारखा भरडतो. काच भरडून पण कोंबडी पाच वर्षं जगली, म्हणून मी यावलकरांच्या बाजूने.

पशुखात्यातला_जुना

तुमची जगली म्हणून तुम्हाला ताटलीत दिसली. तार गिळून पेठ्याला भोक पडलेल्या लोक खड्ड्यात पुरतात, त्यांचा पेठा कोण उघडून बघतो?

खळ्यातला_कोंबडा

तीन आठवड्यांनी लिहितोय. सरकीवाल्या दादांचं डोक्यातून जाईना म्हणून चार अंड्यांवर पेन्सिलने तारीख टाकून फ्रिजमध्ये ठेवली होती. आज फोडली. तीन चांगली. चौथ्याचा बलक शेवाळासारखा, बायकोने वाटी माझ्या नाकाखाली धरली. ते अंडं भुरकीचं, ती रोज गोठ्यातच घालते. टोपलीला आता पत्र्याचं झाकण आहे, वर दगड.

भाकरी, सालं, गोचीड चालूच राहणार, त्यावर मी हटत नाही काका. थर्माकोल माळ्यावर टाकलाय. त्याचे पांढरे मणी विष्ठेत आठवडाभर जसेच्या तसे दिसत होते, पण जेवढा खाल्ला तेवढा निघाला का ते कोण मोजणार. आणि परवापासून त्या कूलरच्या बाजूचं गवत उपटतायत.

सरकीवाला

जाळी लावा हो कूलरला.