फोटोत बगळ्याची पांढरी पिसं जळतायत (जास्त उजेडाने तपशील उडतोय), पोर्ट्रेट कसं वाचवायचं?

भिगवणला (उजनी धरणाच्या पाण्यावर) होडीतून मोठ्या बगळ्याचे क्लोजअप काढले, रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), डोळा मस्त शार्प आलाय पण मानेवरची पिसं पांढरी फट्ट. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, पूर्ण खाली ओढले तरी राखाडी डागच दिसतो. काय करू?

उत्तर १: जे जळलं ते रॉमधूनही परत येत नाही, त्यामुळे काम कॅमेऱ्यातच करायचं. मागे उजनीचं गडद पाणी असलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) वाढवतो, मग सरळ -०.७ ते -१.३ कॉम्पेन्सेशन लाव (म्हणजे एक्स्पोजर मुद्दाम कमी कर), हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग दाखवणारी खूण) चालू ठेव. सावल्या नंतर उचलता येतात, थोडा नॉइज (दाणेदारपणा) आला तरी चालेल. रोहित पक्ष्याचे (फ्लेमिंगो) फोटो काढताना रेड चॅनेलचा हिस्टोग्राम (लाल रंगाच्या उजेडाचा आलेख) वेगळा बघ, बऱ्याचदा लालच आधी जळतो.

उत्तर २: वरचं बरोबर, पण लाइटचं पण बघा ना! ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याचा डोळा कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही, म्हणून उजाडताच निघा आणि लेन्स होडीच्या काठाला टेकवून पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला आणा, पोर्ट्रेटला खरा जीव तिथेच येतो. एडिटमध्ये फक्त पक्ष्याला मास्क (तेवढाच भाग निवडून), व्हाइट्स किंचित खाली, टेक्स्चर थोडं वर, बस. आणि कृपया रोहित पक्ष्यांचं सॅच्युरेशन वाढवू नका, तो गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्समुळे येतो, पिल्लं राखाडी-तपकिरीच असतात, ती तशीच सुंदर दिसतात. नावाड्याला थवा उडवायला तर अजिबात सांगू नका.

प्रश्नकर्ता: मीटरचं आत्ता कळलं, थँक्यू दोघांना! चित्रबलाकाला (पेंटेड स्टॉर्क) पण -१ च का?

उत्तर १: त्याच्या पंखांवर काळं भरपूर असतं, -०.३ पासून सुरू कर.