चार वर्षांत फ्रीज बसला, दुरुस्त करू की नवा घेऊ?

आईचा सिंगल डोअर वीस वर्षं चालला, आमचा डबल डोअर चारच वर्षांत बंद, मेकॅनिक म्हणतो पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलंय, कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी पण बोर्डाला एकच वर्ष, खूप चीड येते हो. काय करू?

– आधी बोर्ड दुरुस्त होतोय का बघा ताई, व्होल्टेज वरखाली झालं की पहिला फटका त्यालाच बसतो, आमचंही तसंच झालेलं, स्टॅबिलायझर लावल्यापासून त्रास नाही.

– गॅस लीक असेल तर मात्र नादी लागू नका, कॉइल हल्ली बाजूच्या पत्र्याआड असते, लीक सापडतच नाही लवकर.

– माणसं कमी असतील तर 'डायरेक्ट कूल' प्रकारचा साधा फ्रीज घ्या. बर्फ स्वतः वितळवावा लागतो, पण आत पंखा-हीटर नाही, बिघडणार काय!

– थँक्यू सगळ्यांना, उद्या बोर्ड दाखवते. दूध सध्या शेजारच्या काकूंकडे.