शब्दचर्चा : ‘वेल्किन’ आणि आभाळ

प्रश्न : ‘हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग’ या नाताळगीताची पहिली ओळ मुळात ‘हार्क, हाऊ ऑल द वेल्किन रिंग्ज’ अशी होती म्हणे. ‘रिंग्ज’ आहे, म्हणजे वेल्किन ही एखादी घंटा का? मराठीत काय म्हणाल?

— घंटा नाही, आभाळ. आणि इथे आभाळच हवं, गगन किंवा अंबर नको. जुन्या इंग्रजीत ‘वोल्कन’ म्हणजे ढग. जर्मनमध्ये ढगाला आजही ‘वोल्क’ म्हणतात. ढगाचा शब्द पसरत पसरत सगळ्या आकाशाचा झाला. आपलंही तेच झालंय! संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे ढग, त्याचं आभाळ. ‘आभाळ आलंय, वाळवण उचल’ म्हणताना ढग, ‘आभाळाएवढी माया’ म्हणताना आकाश. (इंग्रजी ‘स्काय’सुद्धा मूळचा नॉर्स भाषेतला ढगच.) ‘रिंग्ज’ म्हणजे दुमदुमणे : ‘ऐका हो, सारं आभाळ दुमदुमतंय’.

— मग ही ओळ बदलली कोणी?

— चार्ल्स वेस्लीचं हे गीत १७३९चं. जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाने १७५३मध्ये आपल्या संग्रहात घेताना आभाळाच्या जागी देवदूत आणले. चाल तर आणखी पुढची : मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराने १८४०मध्ये लाइपझिगला गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या उत्सवासाठी केलेल्या रचनेतली. धार्मिक शब्दांना ती शोभणार नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. विल्यम कमिंग्ज या ऑर्गनवादकाने १८५५मध्ये दोन्हींची गाठ घातली, तेव्हा मेंडेल्सन हयात नव्हता.

मला वेस्लीचीच ओळ जवळची वाटते. तिच्यात गाणारा कोणी एक नाही, अवघं आभाळ निनादतं. शिवाय बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात देवदूत ‘गातात’ असं नाहीच. ते देवाची स्तुती करत ‘म्हणतात’.

— ‘हेराल्ड’ला काय? दूत?

— ‘देवदूत’मध्ये दूत आधीच आहे, ग्रीक ‘आंगेलोस’चाही अर्थ निरोप्याच. पुन्हा दूत घातला तर पुनरुक्ती होईल. हेराल्ड म्हणजे राजाच्या पुढे चालत ललकारी देणारा, आपला भालदार-चोपदार. गीतात राजाचा जन्म आहे, तेव्हा ‘ललकारी’ नेमकी बसते. आणि ‘सिंग’ला ‘म्हणती’ घ्या. आपण गाणंही म्हणतो आणि निरोपही म्हणतो, त्यामुळे लूक आणि व्हाइटफील्ड दोघेही त्या एका क्रियापदात मावतात : ‘ऐका, ललकारी देत देवदूत म्हणती’.