मागच्या एक्सलचे आटे हातोडीने दबले आहेत. दुरुस्त करावेत की एक्सलच बदलावा?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. मोटारसायकलचे मागचे चाक पंक्चरसाठी काढताना एक्सल (चाकाचा दांडा) गंजून बेअरिंगमध्ये घट्ट बसल्याचे दिसले, आणि मेकॅनिकने नट पूर्ण काढून एक्सलच्या टोकावर थेट लोखंडी हातोडी मारली. आता टोक फुगले आहे, पहिले दोन-तीन आटे चपटे झाले आहेत आणि नट दीड फेऱ्यांनंतर अडतो. रोज विजयदुर्गापर्यंत जाणे-येणे असल्यामुळे अंदाजाने काही करायची इच्छा नाही. एका दुकानात आटे वेल्डिंगने भरून नव्याने पाडून देऊ म्हणाले. ते योग्य ठरेल का?

उत्तर (लेथकाम, चिपळूण)

वेल्डिंग मुळीच करू नका. त्या उष्णतेने पोलादाची मूळची कठीणता बदलते, आणि चाकाचा सगळा भार ज्या दांड्यावर आहे तो नेमका तिथेच तुटू शकतो.

आधी आट्यांचे माप घ्या. व्हर्निअरवर बाहेरचा व्यास १३.८ मिमीच्या आसपास आला, तर आटे १४ मिमीचे समजावेत, कारण बाहेरचे आटे नावाच्या मापापेक्षा किंचित कमीच भरतात. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधील अंतर. ते मोजायचे पिच गेज नसेल तर चांगल्या भागातील एका आट्याच्या माथ्यापासून, तो न मोजता, पुढे दहाव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा: १५ मिमी आले तर पिच १.५, १२.५ मिमी आले तर १.२५. चुकीच्या पिचची डाय (आटे पाडायचे हत्यार) फिरवली की उरलेले चांगले आटेही जातात.

फुगलेली कड कानशीने तिरकी घासून टाका. ती तशीच ठेवून एक्सल बेअरिंगमधून ओढला तर बेअरिंगच्या आतील कडीवर ओरखडे पडतील. आटे सरळ करताना मी बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. त्याच मापाचा नवा नट करवतीने मधोमध कापून त्याचे दोन भाग शाबूत आट्यांवर बसवावेत, पकडीने घट्ट दाबून धरावेत आणि तेल घालत बाहेरच्या टोकाकडे फिरवावेत. चांगले आटेच वाट दाखवतात, त्यामुळे तिरके बसण्याचा धोका राहत नाही. डाय वापरायचीच झाली तर अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, आणि प्रत्येक वेळी कीस ब्रशने झाडून.

उत्तर (गुहागर)

वरील पद्धत दबलेल्या आट्यांसाठी आहे, तुटलेल्या आट्यांसाठी नाही, हे मी आग्रहाने सांगेन. नवा नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि हलवून पाहिल्यावर डुलता कामा नये. डुलत असेल तर एक्सल बदला. चाक निसटण्याच्या धोक्यापुढे त्याची किंमत काहीच नाही. नायलॉनची कडी असलेला जुना नट मात्र पुन्हा वापरू नका.

मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडी नेत असतो, आणि खाऱ्या हवेने एक्सल गंजतो हा नेहमीचाच अनुभव आहे. पावसाळ्याआधी एक्सल काढून दांड्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. आट्यांवर मात्र ग्रीस नको, कारण वंगण असलेल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) नट अधिक ताणून बसतो.

प्रश्नकर्ता (देवगड)

दोघांचेही आभार. अर्धा नट फिरवताना पहिले दोन आटे नीट उभे राहिले, परंतु तिसऱ्यातून केसासारखी चकचकीत तार सुटून नटाबरोबर बाहेर आली, म्हणजे तो आटा दबलेला नव्हता, फाटलेला होता. त्यामुळे एक्सल आणि नट दोन्ही नवे घेतले. आतल्या स्पेसरमधील (बेअरिंगमधल्या नळीतील) गंज रॉकेल आणि ब्रशने काढल्यावर नवा एक्सल नुसत्या तळहाताच्या दाबाने पलीकडे निघाला.